नळाला गरम पाणी उशिरा येते : दोष गिझरचा की मधल्या पाइपचा?

गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, घरात तीन न्हाणीघरे आहेत, आणि तरीही तळमजल्यावर पहाटे साडेपाचला नळ सोडला की बराच वेळ गारच पाणी येते, ही तक्रार पुण्यातल्या आमच्या दुमजली घरात सलग तीन हिवाळे चालू होती. तळमजल्यावरचे न्हाणीघर आईचे आहे आणि तिची आंघोळ उजाडण्यापूर्वी होते. "अरे, आज परत अर्धी बादली गार पाणी ओतलं, तेव्हा कुठे कोमट आलं," असे ती चहाच्या वेळी सांगायची. दर वेळी प्लंबर यायचा, "लाइनला हवा धरलीय" असे म्हणून एखादा सांधा सैल करून हवा काढायचा, आठ-दहा दिवस बरे गेल्यासारखे वाटायचे आणि मग तक्रार पुन्हा उभी राहायची. एकाने सोलर बदलायला सांगितले. दुसऱ्याने सोलरचा नाद सोडून प्रत्येक न्हाणीघरात वेगळा गिझर लावण्याचा सल्ला दिला. यांपैकी कोणताही खर्च करण्याआधी मी एक बादली, एक थर्मामीटर आणि मोजपट्टी घेऊन दोन दिवस मोजमाप केले, आणि तेव्हा कळले की एकाच तक्रारीखाली दोन वेगळे दोष दडलेले होते आणि त्यांतला एकही सोलरचा नव्हता. असाच अनुभव अनेक घरांत येत असणार, म्हणून तपासणीची सगळी रीत आणि त्यावरून घेतलेला निर्णय येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करतो. घरात पाणी तापवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सगळ्या घरासाठी एकाच ठिकाणी पाणी तापते आणि पाइपने ठिकठिकाणी जाते; गच्चीवरचा सोलर, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप किंवा १०० लिटरची मोठी विजेची टाकी ही त्याची उदाहरणे आहेत. दुसरीत ज्या नळाला गरम पाणी हवे त्याच्या शेजारीच ते तापते. जुन्या घरांतला तांब्याचा बंब न्हाणीघराच्या दाराशी किंवा आतच असे आणि त्याच्या तोटीखाली बादली लावली की पहिल्या धारेपासून कढत पाणी मिळे, कारण मध्ये पाइपच नव्हता. बंब गच्चीवर नेला तेव्हा धूर आणि लाकडे गेली, पण तापलेले पाणी आणि नळ यांच्यामध्ये वीस-पंचवीस मीटर पाइप आला. आमच्या तक्रारीचा अर्धा भाग त्या पाइपमध्ये होता.

पाइपमध्ये किती पाणी उभे असते

सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) अर्ध्या इंची पाइपमध्ये मीटरला सुमारे ०.१२ लिटर, पाऊण इंचीमध्ये सुमारे ०.२६ लिटर आणि एक इंचीमध्ये सुमारे ०.४३ लिटर पाणी मावते. आमच्या घरी सोलरच्या टाकीपासून गच्ची ओलांडून डक्टमधून तळमजल्यापर्यंत १८ मीटर एक इंची पाइप आहे आणि तिथून आईच्या न्हाणीघरापर्यंत ८ मीटर पाऊण इंची. गुणाकार केला तर ७.७ आणि २.१, म्हणजे जवळपास १० लिटर पाणी टाकी आणि नळ यांच्या मधे सतत उभे असते. रात्रभरात ते पूर्ण निवते. पहाटे नळ सोडला की आधी हे १० लिटर बाहेर पडणार, आणि त्यामागून येणारे गरम पाणीही पाइपची थंड भिंत तापवत येणार असल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक पाणी ओतावे लागणार, हे उघड आहे. पाइप जाड घेतला तर दाब चांगला मिळतो, या समजुतीने बांधकामाच्या वेळी आम्हीच एक इंची पाइपचा आग्रह धरला होता. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या सोलरसाठी तो सल्ला चुकीचा नाही, पण त्याची किंमत रोज सकाळी पाण्यात मोजावी लागते.

हा हिशेब हातात घेऊन मी पहाटे बादलीत दर दोन लिटरला तापमान घेतले. अपेक्षा अशी होती की १०-१२ लिटरपर्यंत गार पाणी येईल आणि मग आकडा एकदम वर चढेल. प्रत्यक्षात पारा हळूहळू सरकत ३४ अंशांवर आला आणि २० लिटरची बादली भरेपर्यंत तिथेच अडकून राहिला. त्याच वेळी गच्चीवर टाकीच्या तोंडाशी पाणी ५२ अंश होते. मुद्दा नुसत्या लांबीचा असता तर उशिरा का होईना, पण ४८-५० अंशांचे पाणी खाली पोचायला हवे होते. ते पोचत नव्हते, याचा अर्थ वाटेत कुठेतरी गरम पाण्यात गार पाणी मिसळत होते.

तापमानाचा हा चढ-उतार म्हणजे या तपासणीचा गाभा आहे, आणि कोणत्याही घरात तो दहा मिनिटांत मिळतो. बराच वेळ गार पाणी येऊन मग एकदम कढत आले, तर दोष पाइपच्या लांबीचा आहे. पाणी कोमट होऊन कोमटच राहिले आणि तापवणाऱ्या टाकीशी मात्र ते कढत असेल, तर मिसळण्याचा दोष आहे. सुरुवातीला कढत येऊन लवकर निवत गेले, तर टाकी लहान पडते आहे, किंवा टाकीत क्षार साचले आहेत, किंवा थंड पाणी टाकीच्या तळाशी सोडणारी आतली नळी तुटल्यामुळे ते वरच्या गरम पाण्यातच पडते आहे. एका मिनिटाला गरम आणि दुसऱ्याला गार असा खेळ चालू असेल, तर गरम आणि थंड लाइनच्या दाबांत मोठी तफावत आहे, किंवा इन्स्टंट गिझरमधून पाण्याचा प्रवाह फार कमी जात असल्याने त्याचा थर्मोस्टॅट सारखा बंद-चालू होतो आहे.

गार पाणी गरम लाइनमध्ये कसे शिरते

दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर शॉवरला दाब कमी पडतो म्हणून आम्ही थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवला होता. पंपामुळे थंड लाइनमध्ये साधारण २ बार दाब असतो. गरम लाइन मात्र सोलरच्या टाकीच्या उंचीवरच चालते, आणि दहा मीटर उंचीला १ बार या हिशेबाने पहिल्या मजल्यावर तिचा दाब अर्ध्या बारच्या आसपास भरतो. पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघरात मिक्सरला, म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाला, हँडशॉवर जोडलेला आहे. आंघोळ झाल्यावर मिक्सर मधल्या स्थितीत उघडाच ठेवून हँडशॉवरच्या दांडीवरचे बटण बंद करायचे, अशी मुलांची सवय होती. पाणी थांबते, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात येत नाही. पण त्या क्षणापासून मिक्सरच्या पोटात थंड आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि २ बारचे गार पाणी अर्ध्या बारच्या गरम लाइनमध्ये रात्रभर घुसत राहते.

याच्या खुणा घरात होत्या, पण आम्ही त्या तीन हिवाळे वेगवेगळ्या समजत राहिलो. रात्री कोणी नळ सोडलेला नसताना पंप मधूनच चार सेकंद गुरगुरायचा. सोलरच्या टाकीवरून उभ्या असलेल्या हवेच्या नळीतून पाणी ठिबकायचे आणि तिच्याखाली गच्चीच्या कठड्यावर क्षारांचा पांढरा ओघळ उमटला होता, बोटाने खरवडला तर पापुद्रा निघण्याइतका जाड. सोलरला येणाऱ्या थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असल्याने खालून चढलेल्या पाण्याला हवेच्या नळीखेरीज दुसरी वाटच नव्हती. हे मिसळलेले पाणी टाकीत जाऊन तिलाही निववत होते. प्लंबर हवा काढण्यासाठी सगळे मिक्सर उघडून बंद करायचा, त्यात तो वरचा मिक्सरही बंद व्हायचा, आणि पुन्हा कोणी तो उघडा ठेवीपर्यंतचे आठ-दहा दिवस बरे जायचे. हवेचा त्यात काही संबंध नव्हता.

खात्री करण्याची चाचणी अगदी सोपी आहे. सोलरच्या किंवा गिझरच्या गरम पाण्याच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा, थंड लाइन चालू ठेवावी आणि सर्वांत खालच्या मजल्यावर फक्त गरम पाण्याचा नळ सोडावा. पाइपमधले उरलेसुरले पाणी निघून धार थांबली, तर लाइन स्वच्छ आहे. धार थांबतच नसेल, तर कोणत्या तरी मिक्सरमधून गार पाणी ओलांडून येत आहे. मग एकेका मिक्सरखालचे अँगल कॉक (त्याला येणारे पाणी बंद करणारे छोटे व्हॉल्व्ह) बंद करत जावे. जो बंद केल्यावर धार थांबेल तिथे दोष आहे. आमच्याकडे तिसऱ्या कॉकला धार थांबली.

उपाय दोन केले. घरातल्या सर्वांना मिक्सर बंद करण्याची सवय लावली, आणि सवयीवर विसंबून न राहता हँडशॉवर असलेल्या प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. येथे एक चूक होण्याचा संभव असतो. स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह उघडायला थोडा दाब लागतो आणि सोलरच्या कमी दाबावर तो गरम पाणीच अडवून धरतो, म्हणून अशा लाइनवर झडपेचा, पाण्याच्या ओघाने सहज उघडणारा व्हॉल्व्ह घ्यावा. "दोन्ही लाइनला पंप लावा, म्हणजे दाब सारखा होईल," असाही सल्ला मिळेल. बिनदाबाच्या टाकीवर आणि काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या साध्या सोलरमध्ये पंपाने पाणी ढकलणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या रबरी सीलना आणि टाकीला तो दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नसते.

मिसळणे थांबल्यानंतर पुन्हा मोजले. तळमजल्यावर १३ लिटर ओतल्यावर ४० अंश आणि पुढे लगेच ४८ अंश. पहिला दोष पूर्ण गेला होता आणि उरलेला फक्त पाइपच्या लांबीचा होता.

मग जागेवरचा गिझर की मध्यवर्ती सोलर?

तेरा लिटर ही संख्या लहान वाटते. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाइप निवल्यानंतर नळ सोडला, तर दिवसाला ५२ लिटर आणि वर्षाला जवळपास १९,००० लिटर पाणी होते, म्हणजे १०,००० लिटरचे जवळजवळ दोन टँकर. ज्या घरात एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो, तिथे हा आकडा मला तरी सहन होण्यासारखा वाटत नाही. पाणी बादलीत धरून झाडांना घालता येते आणि आई ते घालतही होती, पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाने पहाटे भरलेली बादली उचलून बाजूला ठेवावी हा काही उपाय नव्हे.

उष्णतेचा हिशेब वेगळा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. आंघोळ संपल्यावर पाइपमध्ये ५५ अंशांचे १० लिटर पाणी तसेच राहून २५ अंशांवर उतरले, तर ३०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.३५ युनिट वाया जाते. सोलरमध्ये ही उष्णता फुकटची असल्याने खिशाला कळत नाही. मध्यवर्ती टाकी विजेची असेल तर मात्र असे चार वेळा झाल्यास रोज १.४ युनिट भिंतीत मुरते, आणि तेवढ्या विजेत बादलीने आंघोळ करणाऱ्या दोघांचे किंवा तिघांचे पाणी तापते: २० लिटर पाणी २० अंशांवरून ४२ वर न्यायला ४४० किलोकॅलरी, म्हणजे साधारण अर्धे युनिट पुरते. म्हणून घर पसरलेले असेल, वापर तुटक असेल आणि सोलर नसेल, तर एक मोठी विजेची टाकी घेण्यापेक्षा जागेवरचे लहान गिझर मला स्पष्टपणे बरे वाटतात. उलट सगळी न्हाणीघरे एकावर एक असतील आणि माणसे पाठोपाठ आंघोळ करत असतील, तर मध्यवर्ती व्यवस्था चांगली चालते, कारण पाइप एकदाच तापतो.

पाइपला काळ्या रबरी फोमचे वेष्टण घातल्याने किती फरक पडतो, हेही मी पाहिले. पाठोपाठच्या आंघोळींत अर्धा-पाऊण तास पाणी टिकते, तेवढा फायदा निश्चित आहे. रात्र उलटल्यावर वेष्टणातले पाणीही गारच निघते, त्यामुळे पहाटे पहिल्याने आंघोळ करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. गच्चीवरच्या वेष्टणावर अॅल्युमिनियमचा पत्रा नसेल, तर उन्हाने ते फार दिवस टिकतही नाही. हॉटेलांत असते तशी गरम पाणी फिरते ठेवणारी परतीची लाइन आणि छोटा पंप हा मार्ग नव्या बांधकामात जरूर विचारात घ्यावा, पण पंप बटण दाबल्यावरच चालणारा हवा. तो दिवसभर फिरत राहिला तर सगळा पाइप अहोरात्र उष्णता फेकत राहतो. तयार घरात त्यासाठी फरशा फोडाव्या लागतात, म्हणून आम्ही तो सोडून दिला.

शेवटी आम्ही दोन्ही रीती एकत्र केल्या. आईच्या न्हाणीघरात १५ लिटरचा, २ किलोवॅटचा साठवणीचा गिझर बसवला आणि सोलरची लाइन त्याच्या आत घातली. नळ सोडला की गिझरमधले ६० अंशांचे पाणी लगेच बाहेर येते आणि पाइपमधले १० लिटर गार पाणी गिझरमध्ये शिरते. दोन्ही पूर्ण मिसळले असे धरले, तरी १५ लिटर ६० अंशांचे आणि १० लिटर २० अंशांचे मिळून ४४ अंश होतात, आणि तोवर मागून सोलरचे पाणी येऊन पोचते. पहाटे गिझर वीस-पंचवीस मिनिटे लावला की पुरते, आणि ओतून देण्याचे पाणी शून्यावर आले. मात्र ही जोडणी करण्याआधी गिझरच्या माहितीपुस्तिकेत गरम पाणी आत घेण्यास परवानगी आहे का, हे वाचावे. उन्हाळ्यात सोलरचे पाणी ८० अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणून तीन व्हॉल्व्ह लावून गिझरला वगळून जाणारी वाट ठेवावी, आणि एप्रिल-मेमध्ये तीच वापरावी. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागले की हाच गिझर पूर्ण भार उचलतो.

स्वयंपाकघराला सोलरची लाइन द्यायची नाही, असे ठरवले. तिथे एका वेळी दोन-तीन लिटरच गरम पाणी लागते आणि त्यासाठी दहा लिटर ओतणे निरर्थक आहे. सिंकखाली ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर पुरतो. तोच इन्स्टंट गिझर न्हाणीघरात लावून "थंडीत पाणी तापत नाही" अशी तक्रार करणारे मात्र पुष्कळ भेटतात. ३ किलोवॅट म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी. पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायचे तर मिनिटाला २ लिटरच्या थोडे वर एवढेच मिळते आणि बादली भरायला नऊ मिनिटे लागतात. नाशिकच्या जानेवारीत टाकीतले पाणी १५ अंशांवर असेल तर त्याहूनही कमी. नळ मोठा सोडला की पाणी कोमट येणारच, तो गिझरचा बिघाड नव्हे.

पहिल्या मजल्यावरची दोन न्हाणीघरे सोलरवरच आहेत. तिथे पाइपमध्ये पाच लिटरच पाणी उभे असते आणि मुले एकापाठोपाठ आंघोळ करतात.

गॅस गिझरचा सल्लाही मिळाला होता. तो मी एका वाक्यात नाकारला आणि इतरांनीही न्हाणीघराच्या आत तो कदापि लावू नये असे आग्रहाने सांगतो: बंद जागेत अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याने आंघोळ करताना माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यांत येतच असतात.

जागेवरचे गिझर वाढवताना विजेची बाजू आधी पाहावी. २ किलोवॅटचे तीन गिझर एकदम चालले तर २६ अँपिअर लागतात. वीज बिलावर छापलेला मंजूर भार त्याच्याशी ताडून बघावा. ३ किलोवॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नये.

गिझरमध्ये पाणी येण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जाताना जवळपास पाव लिटरने फुगते. पूर्वी हे जादा पाणी मागे टाकीकडे सरकत असे. व्हॉल्व्हने ती वाट बंद केली की ते गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. तापताना पडणारे हे थेंब म्हणजे गळती समजून काही जण त्या व्हॉल्व्हला बूच मारतात. तसे केल्यास टाकीतला दाब वाढत जाऊन ती फुटू शकते. त्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीच्या जाळीकडे सोडावी, आणि गिझर बंद असतानाही थेंब पडत राहिले तरच व्हॉल्व्ह बदलावा.